अंबाडीच्या भाजीत

माझ्या मायला आंबट फार आवडायचं. हे आधी सांगते, कारण तिच्या दुखण्यात आमची पहिली चूक तिथेच झाली. कच्ची चिंच, कैरीच्या फोडी, दोन दिवसांचं ताक, आणि सगळ्यांत वर अंबाडीची भाजी. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटलेली, वर लसणाची फोडणी. भाकरीबरोबर ती भाजी असली की माय ताटावरून उठायचं नाव घेत नसे.

निजामाचं राज्य होतं. बेल्याची, म्हणजे आमच्या गावची, शेती काकांच्या हवाली करून बाबा बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीवर मजुरांची हजेरी मांडायच्या कामाला लागले होते. खाणीच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या, त्यांत आम्ही तिघं. शेजार सगळा तेलुगू, बाजारात हिंदी, आणि दार लोटलं की आमची बेल्याची बोली.

मी बाराएक वर्षांची असेन तेव्हा मायची जीभ जळायला लागली. लाल आणि गुळगुळीत झाली होती, वरचे काटे कुणी खरवडून काढावेत तशी. छातीखाली जळजळ. चेहऱ्यावर पिवळट कळा. पायांना मुंग्या यायच्या, आणि चालताना वहाण गळून पडली तरी तिला कळायचं नाही. मी मागून ओरडायची, "माय, वहाण!" मग ती हसत मागे यायची. सुरुवातीला आम्हाला त्याची गंमतच वाटली.

गावी गेलो तेव्हा बेल्याच्या वैद्यांनी नाडी बघितली आणि आम्लपित्त सांगितलं. पोटात आंबट फार झालंय, आंबट बंद करा, जेवणावर चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून द्या. जळतंय म्हणजे आंबट वाढलं, हे आम्हालाही पटलं. कुणालाही पटलं असतं.

मायच्या तोंडावर पहारा ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मला हुकूम चालवायची हौस लहानपणापासूनची. अजूनही आहे, माझ्या सुनांना विचारा. चिंचेचं मडकं मी फळीवर चढवलं, ताक शेजारी देऊन टाकलं, आणि सोड्याचं पाणी समोर उभी राहून पाजलं. एकदा ती घरामागे पाठमोरी बसलेली दिसली. गाल हलत होता. मी धावत गेले आणि तिच्या तोंडात बोट घालून चिंच बाहेर काढली. ती रागावली नाही. म्हणाली, "तू माय हायेस का मी?" तिच्या लाळेने ओलं झालेलं ते बोट मी परकराला पुसलं. त्या बोटाची लाज मला आजही वाटते.

असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी ती पाण्याच्या घागरीसकट दारात कोसळली, आणि बाबांनी तिला खाणीवरच्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर हैदराबादेत शिकलेले होते. पोक्त, शांत, पानाने ओठ लाल झालेले. उपाशी पोटी त्यांनी मायला रबराची बारीक नळी गिळायला लावली, पोटातलं पाणी ओढून काढलं आणि त्यात निळ्या कागदाची पट्टी बुडवली. पोटात तेजाब, म्हणजे आम्ल असतं, त्याने अन्न जिरतं, तेजाब असलं की कागद लाल होतो, असं त्यांनी बाबांना समजावलं. आम्ही तिघंही त्या कागदाकडे बघत राहिलो. तो निळाच राहिला.

"इनके पेट में तेजाब हैच नइं," डॉक्टर म्हणाले.

आंबट वाढलं म्हणून आम्ही जिला वर्षभर सोडा पाजला, तिच्या पोटात आंबटाचा थेंब नव्हता. डॉक्टर पुढे म्हणाले की नुसतं तेजाब आटलेलं नाही, पोट पार सुकलं आहे. अन्नातलं जे रक्त बनवतं ते हिच्या अंगाला लागतच नाही, खाल्लेलं तसंच निघून जातं. त्या जीवनसत्त्वाचं नाव तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. उपाय मात्र ठाऊक होता. रोज पावशेर बकऱ्याची कलेजी, अर्धीकच्ची, जन्मभर. सोबत पाण्यात टाकून प्यायचे तेजाबाचे थेंब, दातांना लागू नयेत म्हणून नळीने ओढायचे. आंबट खायला आता पूर्ण मोकळीक. आणि कलेजी नाही खाल्ली तर? डॉक्टरांनी मान हलवली.

थेंब मायला आवडले. काचेची नळी दोन दिवसांत फुटली, मग बाबा पपईच्या पानाचा पोकळ देठ कापून द्यायचे. "चिचंच्या पान्यावानी लागते," म्हणायची. कलेजीचं नाव काढलं की तोंड फिरवायची.

त्याला कारण मी होते. मी दोन वर्षांची असताना मला देवी आल्या होत्या. तोंडावरचे खड्डे अजून साक्षीला आहेत. तेव्हा तिने माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलला होता, पोर वाचली तर जन्मात मटण शिवणार नाही. पोर वाचली. तेव्हापासून मटण खायची लहर आली की बाबाच घरामागे तीन दगडांवर वेगळ्या भांड्यात रांधायचे, आणि ते भांडं उंबऱ्याच्या आत येत नसे.

"माहूरले जाऊ, देवीची माफी मांगू. नवस सोडवून घेऊ," बाबा म्हणाले.

"देवीले देल्लं ते वापस मांगू? अन् पोरीले काई झालं त मंग? तुमी द्यान का आनून?"

मग बाबांनी चोरी करायची ठरवली आणि मला हाताशी धरलं.

बाबा सकाळी खाटकाकडून कलेजी आणायचे, मागे दगडांवर जेमतेम वाफवायचे. बाबांचं मटण शिजतंय म्हणून मायला वासाचं काही वाटत नसे. ती अंघोळीला गेली की मी ती कलेजी पाट्यावर वाटायची, पाटा राखेने घासून ठेवायची, आणि तो गोळा अंबाडीच्या भाजीत घोटून टाकायची. अंबाडीच्या आंबटात काय वाटेल ते लपतं. शिवाय आंबट सोडलं तर तिच्या जिभेला चव अशी उरलीच नव्हती. आमचा सगळा डाव त्यावर होता.

पहिल्या दिवशी ताटात अंबाडी बघून मायचे डोळे भरून आले. वर्षाने भेटली होती. चार घास खाल्ल्यावर म्हणाली, "घट झाली वं भाजी."

"कण्या जास्त पडल्या," मी म्हणाले. माझा आवाज जराही हलला नाही.

पंधरा दिवसांत तिने दुसरी भाकरी मागितली. महिन्याने ओठांवर रंग आला. ती पुन्हा घागर उचलायला लागली, मला पुढ्यात घेऊन माझी वेणी घालायला लागली, आणि इतकी ओढून घालायची की मी किंचाळायची. बाबा कामावर जाताना शीळ वाजवायचे. तेवढे दोन महिने मी सुखात होते, इतकी की पुन्हा कधी तशी झाले नाही. माय सगळ्यांना सांगायची, "देवीनं आयकलं माह्यं."

मग पावसाळा सरता सरता मला ताप भरला. थंडी वाजून यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. तिसऱ्या दुपारी मी गोधडीत कुडकुडत पडले होते आणि माय माझे पाय चोळत होती. मी झोपले असं समजून ती पुटपुटत होती, "मी त काईच मोडलं नाई, आई. मंग पोरीले काऊन?"

ते ऐकलं आणि मी तोंडावरची गोधडी बाजूला केली. देवी मलाच आल्या होत्या, नवस माझ्यासाठीच होता, आणि तो मोडणारी मी होते. मी उठून बसले आणि सगळं सांगून टाकलं. कलेजी, पाटा, बाबा, सगळं.

ती ओरडली नाही. "कितीक दिवस?" एवढंच विचारलं.

"दोन महिने."

"बरं केलं सांगतलं." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उठून मोरीत गेली आणि स्वतःच्या घशात बोटं घातली. सकाळची भाजी केव्हाच उतरून गेली होती. नुसतं पाणी पडत राहिलं. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात आंबटही काही नसणार.

दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी चार दिवसांत माझा ताप उतरला. मायला हवा होता तो पुरावा मिळाला. तिने आपली चूल वेगळी मांडली, नवा पाटा आणवला, आणि पुढे आमच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. अंबाडी तर पुन्हा घरात शिजली नाही. बाबांनी तिचे पाय धरले. बायकोचे पाय धरणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. ती पाय मागे घेत म्हणाली, "पोर उठली ना? मंग झालं." डॉक्टर दोनदा घरी येऊन गेले. दुसऱ्यांदा ते मायशी बोललेच नाहीत, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून परत गेले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचे पाय गेले. मग हात. शेवटी तिला घास तोंडापर्यंत नेता येईना आणि माझ्या हातचा ती घेईना. डोळ्यांदेखत बाई जात होती आणि उपाय खाटकाच्या दुकानात टांगलेला होता. दसऱ्याच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत समाधानात होती, हेच मला सोसत नाही.

तू काऊन सांगितलंस, असं बाबांनी मला जन्मात एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. लोक मला खरं बोलणारी बाई म्हणतात, पण त्या दुपारी मी खऱ्यासाठी बोलले नव्हते. मला मरायचं नव्हतं, बस.

आता म्हातारपणी तेच दुखणं माझ्या जिभेवर आलं आहे. दर महिन्याला दंडात लाल औषधाची एक सुई घेतली की झालं. त्यात कलेजी नसते, मी विचारून घेतलं. घरात आणखी कुणाला होतं का, असं नर्सने पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

आणि तो ताप. त्या वर्षी चाळीतल्या प्रत्येक घरात एकेक पोर त्याच तापाने पडलं होतं. सगळी आठवड्याभरात उठून खेळायला लागली होती.