भाकरीच्या यंत्राची पिन

प्रॉडक्ट डिझाइन हा विषय मी सोलापुरात बावीस वर्षं शिकवतोय आणि माझ्या घरात मी स्वतः डिझाइन केलेली एकच वस्तू आहे. चपलांचं कपाट. त्यात घरातल्या सगळ्यांच्या चपला बसतात, माझ्या बसत नाहीत, कारण मोजमापं घेतली त्या दिवशी माझ्या चपला माझ्या पायात होत्या. बायको हा किस्सा पाहुण्यांना चहाबरोबर देते. मीही हसतो. वर्गात मात्र मी हसत नाही, तिथे मी फार कडक माणूस आहे.

वर्गातलं माझं ठरलेलं वाक्य असं: "ड्रॉइंग म्हणजे हुकूम. कागदावर आहे ते, आणि तेवढंच, लोखंडात उतरलं पाहिजे. कारागिरानं हात चालवायचा, डोकं नाही." मुलं ते वहीत लिहून घेतात. गॅदरिंगला माझी नक्कल होते तेव्हाही हेच वाक्य असतं, आणि टाळ्या मला वर्गात कधी मिळाल्या नाहीत इतक्या तिथे मिळतात.

आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातणारे एक टर्नर होते. होटगीहून रोज यायचे. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, शिक्षणानं दहावी नापास, आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी नवीन लागलो होतो तेव्हा ते एकदा माझं ड्रॉइंग घेऊन आले आणि म्हणाले, "सर, हितलं भोक जरा मोठं करू का? न्हायतर बसायचं न्हाय." समोर तिसऱ्या वर्षाची पंचवीस पोरं उभी. माझ्या अंगात ताजी पदवी सळसळत होती. मी म्हटलं, "मिस्त्री, ड्रॉइंग मी काढलंय. तुम्ही डोकं चालवू नका. आणि पुन्हा पोरांसमोर असलं काही विचारायला येऊ नका."

"बरं सर," म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. मी ते शिस्तीच्या खात्यात जमा करून टाकलं. आश्चर्य म्हणजे तेव्हापासून मी काढलेली प्रत्येक वस्तू पहिल्या फटक्यात बसायला लागली. आता आपला हात बसला, असं मला वाटलं. दोनदा तर मी सहकाऱ्यांना त्यावर व्याख्यानही दिलं.

मग आल्या भाकरीवाल्या मावशी. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. ज्वारीच्या कडक भाकरी करून त्या दुकानांना पुरवायच्या. वर्षानुवर्षं थापून त्यांचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी थापणं बंद करायला सांगितलं. मी भाकरी घ्यायला गेलो होतो तेव्हा त्यांनी सुजलेला हात दाखवला आणि म्हणाल्या, "थापायचं सोडलं तर मी करू काय, सर? मला दुसरं काय येतंय?"

मला खरंच वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, संशोधनाचा विषयही मिळाला. मी हातानं चालणारं एक दाबयंत्र काढलं. खाली एक जाड लोखंडी थाळी, वर एक झाकण, मागे बिजागरीसारखी पिन, आणि दाबायला एक दांडा. पिठाचा गोळा ठेवायचा, दांडा ओढायचा, भाकरी तयार. मिस्त्रींनी ते बनवलं. मावशी वर्कशॉपला येऊन बघून गेल्या, मिस्त्रींशी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलल्या, आणि यंत्र घरी घेऊन गेल्या. महिनाभरात त्यांची सूज उतरली. मी शोधनिबंध लिहिला. परीक्षकांनी एकच शंका काढली होती: आकृतीत दांडा उजवीकडे आहे आणि फोटोत डावीकडे, असं का? मी उत्तर दिलं की फोटो छापताना उलटा झाला असावा. फोटो नीट बघायची तसदी मी घेतली नाही. निबंध छापून आला.

पुढे मिस्त्री निवृत्त झाले. त्याच सुमाराला कॉलेजात तपासणीची समिती यायची होती आणि प्राचार्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. मी मावशींकडे गेलो, यंत्र परत मागितलं, म्हटलं, "आठ दिवसांत नवीन देतो, याहून चांगलं." त्यांनी पुसून, फडक्यात बांधून दिलं. ते कॉलेजातल्या काचेच्या कपाटात, माझ्या जुन्या वस्तूंशेजारी गेलं. समितीनं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला.

नवीन यंत्र मी एमआयडीसीतल्या एका सीएनसीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, करून घेतलं. दिसायला असं देखणं की मला ते मावशींना द्यायचं जीवावर आलं. दिलं. पंधरा दिवसांनी शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन पाहणीला गेलो, तर यंत्र कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेलं आणि मावशी परातीत भाकरी थापत बसलेल्या. मनगटाला फडकं गुंडाळलेलं. सूज आधीपेक्षा जास्त होती.

"आवो, भाकरी वाकडी येतीया," त्या म्हणाल्या. त्यांनी करून दाखवली. मागच्या बाजूला पापड आणि पुढच्या बाजूला धपाटा. तव्यावर पातळ बाजू करपायची, जाड बाजू कधीच कडक व्हायची नाही. दुकानदारानं दोनदा माल परत केला होता. तिसऱ्यांदा केला तर तो दुसरीकडून घेणार होता.

मी तडक सीएनसीवाल्याकडे गेलो आणि आवाज चढवला. त्यानं शांतपणे माझं ड्रॉइंग आणि त्याची मापं शेजारी ठेवली. "सर, केसाएवढा फरक निघाला तर सांगा." निघाला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा हुकूम कुणीतरी तंतोतंत पाळला होता.

दुसऱ्या दिवशी मी शिपायाकडून काचेच्या कपाटाची किल्ली घेतली आणि जुनं यंत्र मोजायला बसलो. पिनेचं भोक ड्रॉइंगमध्ये गोल होतं, घट्ट बसणारं. इथे ते उभं, लांबट होतं, गोल कानशीनं हातानं वाढवलेलं. त्यामुळे झाकण मागच्या बाजूनं जरा वर उचललं जायचं आणि गोळ्यावर सपाट टेकायचं. माझं झाकण दारासारखं मागून मिटत यायचं आणि पीठ पुढे ढकलायचं. मग मी कपाटातल्या माझ्या बाकीच्या वस्तू काढल्या. एक एक करून मोजल्या. एकही ड्रॉइंगप्रमाणे नव्हती. एकही. मी खुर्चीत बसून राहिलो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की शिपायानं चहा आणू का विचारलं, तर त्याच्याकडेही मला बघवेना.

रविवारी होटगीला गेलो. मिस्त्री अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी ड्रॉइंग पुढे धरलं आणि विचारलं, "मिस्त्री, तुम्ही हे सगळं बदलत होता?"

"व्हय की."

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "तुमीच म्हणाला हुता, इचारायला येऊ नगा. न्हाय आलो. पर बसंना तसली वस्तू हातानं कशी दिऊ?" त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "मावशींचा हात पुन्हा सुजलाय." त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या, आत गेले, आणि कानस फडक्यात गुंडाळून माझ्या गाडीत येऊन बसले. वाटेत मी त्या चौघा विद्यार्थ्यांना फोन करून बोलावून घेतलं. का बोलावलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

मावशींच्या घरी मिस्त्रींनी आधी यंत्राला हात लावलाच नाही. मावशींना एक भाकरी दाबायला लावली आणि नुसते बघत राहिले. मग पिन काढून अर्धा तास भोक घासलं. पिन घातली. गोळा ठेवला. भाकरी गोल आली, सगळीकडून सारखी. मावशींनी ती दिव्यासमोर धरून बघितली आणि तव्यावर टाकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि निघायला उठलो.

मिस्त्री ड्रॉइंगचा कागद हातात घेऊन तसेच बसले होते. "सर," ते म्हणाले, "अजून एक हाय." पोरांकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "पोरांसमोर सांगू का?"

मी पुन्हा खाली बसलो. "सांगा," मी म्हटलं. "मोठ्यानं सांगा."

"दुखतोय त्येंचा उजवा हात. आनि तुमी दांडा उजवीकडं ठिवलाय. मी मागच्या येळेला डावीकडं लावला हुता."

मावशी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मला बी कळत हुतं. पन म्हनलं, सर लई शिकल्यालं हायत, आसंल त्यात कायतरी."

म्हणजे फोटो उलटा नव्हताच, आणि जुनं यंत्र मोजतानाही मी पिनेपलीकडे बघितलं नव्हतं. मावशी दुखऱ्या हातानं माझा दांडा ओढत राहिल्या होत्या. माल परत आला, हात सुजला, तरी सरांचं चुकणार नाही असं समजून त्यांनी शेवटी यंत्र पोत्याखाली झाकून ठेवलं होतं.

मिस्त्रींनी दांडा सोडवला आणि डावीकडे भोकं कुठे पाडायची ते पोरांना समजावून सांगायला लागले. चौघांनी वह्या काढल्या. मी वही आणली नव्हती. एकाकडून कागद मागून घेतला.