मामांची कागदाची पट्टी

माझ्या बायकोच्या मामांइतका भित्रा माणूस भिवंडीत दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. हे त्यांच्या कानावर गेलं तर लगेच म्हणतील, ‘‘जावईबापू, होऊ शकतो म्हणा. छातीठोक बोलू नये.’’ गॅस बंद केलाय का ते पाहायला ते अर्ध्या रस्त्यातून तीनदा परत येत. रिक्षात नेहमी मधे बसत. ‘‘रविवारी येईन’’ असं कधी म्हणाले नाहीत. ‘‘येऊ शकतो’’ म्हणत आणि सकाळी आठच्या ठोक्याला दारात हजर असत.

असा माणूस संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घ्यायचा. वळ आणि मानकोली या गावांतल्या गोदामांत काम करणारी मंडळी यायची, आणि ऑफिसची पत्रं लिहिता यावीत म्हणून मागच्या बाकावर मीही. मे, माइट, कुड, शुड, मस्ट ही क्रियापदं मामांचा जीव की प्राण. इंग्रजांनी ती भित्र्या माणसांच्या सोयीसाठीच केली, असं त्यांचं ठाम मत होतं. ‘‘खात्री थोडी असली तर मे, त्याहून कमी असली तर माइट, आणि पुढचं क्रियापद जसंच्या तसं ठेवा. एस लावलात तर नोकरी जाऊ शकते!’’ उदाहरणं सगळी भीतीची. कुत्रा चावू शकेल, रॅक पडू शकेल. क्लासमधली दिघाशीची कमल एकदा म्हणाली, ‘‘सर, कदी चांगलं पन होऊ शकतं का न्हाय?’’ मामा विचारात पडले. ‘‘होऊ शकतं,’’ म्हणाले, ‘‘पण परीक्षेत येत नाही.’’

क्लासची खोली कापड विणणाऱ्या लूमच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर लूम चालत आणि आमचे बाक थरथरत. मागच्या भिंतीला तडा होता. सूत कडक करायला कारखान्यात खळ असते, ती मागून आणून मामांनी तड्यावर तीन कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. जुन्या उत्तरपत्रिकाच कापलेल्या, त्यामुळे प्रत्येकीवर कुणाचं तरी चुकलेलं वाक्य. तडा वाढला तर कागद फाटणार, एवढाच हिशेब. रोज आल्याबरोबर ते तिन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवत, मगच खडू घेत. आम्ही पोट धरून हसायचो.

त्या मंगळवारी बोट तिसऱ्या पट्टीवर थांबलं. ‘‘ही कुणी फाडली?’’ कुणीच फाडली नव्हती. वर लूम खडखडत होते. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘सगळे बाहेर. वह्या राहू द्या.’’ आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा मामा आमच्यात नव्हते. लूमच्या मालकाला, ज्या शेठला पाहून ते रस्ता ओलांडून पलीकडे जात, त्याच शेठच्या कारखान्यात, त्याच भिंतीला लागून असलेल्या जिन्याने ते वर गेले होते. वरून आवाज आला, ‘‘सब नीचे उतरो! दीवार सरक रही है!’’ कमलने माझा दंड घट्ट धरला होता. एकेक कारागीर उतरला. सर्वांत शेवटी मामा, कठडा धरून.

झालं काहीच नाही. भिंत उभीच. शेठ ओरडला, ‘‘मास्टर, दिमाग ठिकाने पे है क्या?’’ मामांनी भिंतीवरून काढून आणलेली फाटकी पट्टी पुढे केली. शेठने ती फेकून दिली, पण कारागिरांनी ती पाहिली होती. दुसऱ्या दिवशी शिफ्टला कुणीही वर चढायला तयार होईना. शेवटी शेठला इंजिनियर आणावा लागला आणि त्याने इमारत रिकामी करायला सांगितली. चौथ्या दिवशी दुपारी ती भिंत जिन्यासकट खाली बसली.

बातमी द्यायला मी धावत मामांकडे गेलो. वाटलं, आता तरी ताठ मानेने हसतील. ते विचारत राहिले, ‘‘आत कुणी होतं का? नक्की? पुन्हा विचारून या.’’ कुणी नव्हतं म्हणून दहादा सांगितल्यावर त्यांनी टॉवेल तोंडाला लावला आणि लहान मुलासारखे रडले. क्लास पुन्हा सुरू झाला नाही. मुलीने त्यांना नाशिकला नेलं.

जाण्याआधी त्यांनी आमच्या बेडरूमच्या भिंतीवर, केसाएवढ्या तड्यावर, एक पट्टी चिकटवली. मी सुरुवातीला चिडलो होतो. आता रोज सकाळी मीच तिच्यावरून बोट फिरवतो. परवा फोनवर विचारलं, ‘‘मामा, रविवारी येताय ना?’’ ‘‘येऊ शकतो,’’ ते म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता. रविवारी आठ वाजता मी दार उघडून उभा राहिलो. दहा वाजेपर्यंत चहा दोनदा गरम केला.