परतीच्या पाण्याचं तापमान

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं होतो. मी, पत्नी चारुता आणि मुलगी ईरा. मी लॅपटॉप उघडून एका फोटोची वाट पाहत होतो. तो रोज सातला यायचा, फार तर सात-पाचला. सात-बाराला फोन वाजला तो उज्ज्वला वहिनींचा, कॅनडाहून. "भाऊजी, मिलिंद गेला. पहाटे चारला, हॉस्पिटलमध्ये. मी आत्ताच घरी आले." आणि मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "पाणी बासष्टवर आहे. शेजारच्यांनी लाकूड घातलंय. त्याची काळजी करू नका..." नवरा जाऊन तीन तास झालेल्या बाईनं मला बॉयलरचं तापमान सांगितलं. माझ्याशी बोलायचं तर आधी ते सांगावं लागतं, ही सवय मिलिंदनं आणि मी मिळून त्यांना लावली होती.

मिलिंद आणि मी वीसेक वर्षांपूर्वी याच बुकित बातोकमध्ये एका खोलीत भाड्यानं राहायचो. तो सॉफ्टवेअरमधला, मी जुरोंगच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात वाफेच्या बॉयलरांची देखभाल करणारा. आजही तेच करतो. तेव्हा तो मला 'इन्स्पेक्टर' म्हणत माझी टर उडवायचा. "जग कुठं चाललंय, आणि हा अजून पाणी उकळतोय." पुढे त्याचं लग्न झालं, तो कॅनडाला गेला, आणि पंचेचाळिशीनंतर त्यानं देशाच्या पूर्व टोकाला, न्यू ब्रन्सविक प्रांतात, आठ एकर झाडीसकट एक जुनं घर घेतलं. घर घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "इन्स्पेक्टर, हसू नकोस. घरासोबत एक बॉयलर आलाय."

ज्यांच्या घरी पूर्वी पाण्याचा बंब होता त्यांना हे यंत्र लवकर कळेल. बंब खोलीएवढा मोठा करायचा, पत्र्याच्या शेडसारखं आवरण घालायचं आणि घरापासून पंचवीस मीटर लांब, उघड्यावर ठेवून द्यायचा. आत भट्टी, भट्टीभोवती पाणी. तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरात जातं, खोल्या गरम करतं आणि गार होऊन परत येतं. जाणाऱ्या पाण्याची एक तबकडी, परतणाऱ्या पाण्याची दुसरी. दिवसातून दोनदा भट्टी भरायची. बाहेर उणे वीस असताना हे बंद पडलं, तर घरातल्या नळ्या एका दिवसात गोठून फुटू शकतात. एक गोष्ट आताच सांगून टाकतो. सहा हिवाळे मी हा बॉयलर चालवायला शिकवला, पण तो प्रत्यक्ष पाहिला नव्हता.

पहिल्याच डिसेंबरात घर गार पडलं. भट्टी धगधगत होती, जाणारं पाणी ऐंशीवर होतं आणि खोल्यांत मात्र काही पोचत नव्हतं. त्यांच्या आणि आमच्या घड्याळात हिवाळ्यात बरोबर बारा तासांचा फरक असतो. त्याचे सकाळचे सात ते माझे संध्याकाळचे सात. व्हिडिओ कॉलवर मी त्याला पंपाला हात लावायला सांगितला. पंप थरथरत होता, पण एका बाजूची नळी गार होती. म्हणजे नळीत हवा अडकली होती. "वरचा छोटा व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघड. पूर्ण नको." त्यानं पूर्ण उघडला. पाण्याची पिचकारी अंगावर आली आणि फोन बर्फात पडला. पाच मिनिटं मला नुसता राखाडी पडदा दिसत होता आणि मागून आवाज येत होता, "उज्ज्वला, टॉवेल! इन्स्पेक्टरनं मला भिजवला!" पण घर गरम झालं. त्या दिवशी तो इतका खूश होता, जणू पहिली नोकरी लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात धुराड्यात डांबरासारखी काजळी साचायला लागली. मला लाकडाचा संशय होता. रविवारची संध्याकाळ होती, मी घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, कोपी म्हणजे इथली कॉफी घेत होतो. त्याला म्हटलं, दोन ओंडके एकमेकांवर आपट आणि फोन जवळ धर. वाळलेलं लाकूड टणक वाजतं, ओलं मऊ वाजतं. तो एकेक जोडी आपटत होता आणि मी कानाला फोन लावून निकाल देत होतो. "ओलं... हेही ओलं... हे चालेल... ओलं." शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा आपला चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. बारा जोड्यांपैकी नऊ ओल्या निघाल्या. मिलिंद म्हणाला, "तीस डिग्रीत बसून माझं सरपण नापास करतोस. लाज नाही वाटत?" मी म्हटलं, "एकतीस आहे."

तेव्हापासून मी त्याला रोज सकाळी दोन्ही तबकड्यांचा फोटो पाठवायला सांगितला. त्यांवरचे आकडे मी तक्त्यात उतरवायचो. बाहेरचं तापमान, जाणारं पाणी, परतीचं पाणी, किती वेळा, किती लाकूड घातलं आणि शेरा. पाच हिवाळ्यांच्या जवळजवळ आठशे नोंदी झाल्या आहेत. त्यावरून मी त्याला सांगायचो, हवेची झडप अडकते आहे, राख साठली आहे, पाणी कमी झालंय. बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं आणि त्याचा मला अभिमान होता. तो दरवर्षी म्हणायचा, "एकदा ये. प्रत्यक्ष बघ तुझा पेशंट." मी विमानभाडं पाहायचो, रजा मोजायचो आणि पुढच्या वर्षी म्हणायचो. आमच्या बोलण्यात दुसरं काही फारसं नसायचं. एकदा मी फोन ठेवल्यावर ईरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू नेव्हर आस्क हाऊ इज ही, ला. ओन्ली बॉयलर." मी तिला म्हटलं, बॉयलर नीट असला म्हणजे माणूस नीट असतो. मला ते खरंच वाटत होतं.

या डिसेंबरात आकडे बिघडले. दिवसातून दोनदाऐवजी चार वेळा, पाच वेळा लाकूड, आणि प्रत्येक वेळी थोडंसं. दिवसा तापमान ठीक राहायचं, पण रात्री कोणी घालत नसल्यामुळे सकाळी परतीचं पाणी बावन्नवर यायचं. साठच्या खाली परतीचं पाणी गेलं की भट्टीच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि लोखंड गंजतं. तीन आठवडे मी पाहिलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्याला झापलं.

"दिवसातून पाच वेळा का घालतोयस?"

"बाहेर पडायला निमित्त, रे. हवा छान असते."

"उणे अठरा आहे. काय छान? झोपायच्या आधी भट्टी पूर्ण भर. तीस ओंडके मावतात तिच्यात, तू सहा टाकतोयस. अजून बारा वर्षं चालेल ती वस्तू, अशानं आठात जाईल."

तो म्हणाला, "बारा काय आणि आठ काय..." मग हसला.

"आळशी झालायस तू," मी म्हटलं.

"झालोय खरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून परतीचं पाणी रोज सकाळी अडुसष्टच्या आसपास यायला लागलं. तसंच ते शेवटच्या बुधवारपर्यंत आलं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं आहे: चूक दाखवली. सुधारणा उत्तम.

तो गेल्यावर नवव्या दिवशी मी तिथं पोचलो. अंत्यसंस्कार होऊन गेले होते. हिवाळा संपायला अजून महिना होता आणि बॉयलर बंद करता येत नव्हता, म्हणून मी आठवडाभर तो चालवीन असं वहिनींना कळवलं होतं. त्यांनी मला घ्यायला विमानतळावर यायचं ठरवलं होतं, पण ऐनवेळी शेजारच्या गृहस्थांना पाठवलं. घरात शिरलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात कुकर लावत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वरण-भात करते. विमानात काही खाल्लं नसेल तुम्ही." जेवण होईपर्यंत आम्ही मिलिंदबद्दल बोललो नाही. मग मी विचारलं, एवढं अचानक कसं झालं.

"अचानक नाही हो," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं होतं. हृदय थकलंय. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. तो म्हणाला, मग मी लहान लहान तुकडे करून घालीन. दोन टाकायचे, बसायचं. दोन टाकायचे, बसायचं. रात्री मात्र त्याला जमायचं नाही."

सहा ओंडके, पाच वेळा. तीन आठवडे ते आकडे मी रोज पाहिले होते.

"तुम्ही रागावलात त्या रात्री तो स्वतः गेला भरायला. चाळीस मिनिटं लागली. मी खिडकीतून बघत होते. दुसऱ्या रात्रीपासून मी जायला लागले. फोटो मात्र सकाळी तोच काढायचा."

"वहिनी, मला सांगायचं होतंत. एका शब्दानं."

त्यांनी ताट उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "मी म्हणाले होते त्याला. तो म्हणाला, इन्स्पेक्टरला कळलं की तो सांगेल बॉयलर बंद कर, विजेवरचं काहीतरी बसव. मग तो कशासाठी फोन करेल?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या बॉयलरपाशी गेलो. माझ्या कल्पनेपेक्षा तो लहान होता आणि घरापासूनचं अंतर जास्त वाटलं. बर्फात पंचवीस मीटर वेगळे असतात. पुढे आलेल्या छपराखाली, भट्टीच्या दारापासून दोन पावलांवर एक खुर्ची होती. जेवणाच्या टेबलाची, लाकडी, पाठीला उशी बांधलेली. पाय बर्फात घट्ट रुतलेले. ती डिसेंबरपासून तिथं होती. नव्वदच्या आसपास फोटो मी त्या काळात पाहिले, एकातही ती नव्हती. मी तबकड्या मागितल्या होत्या, तो तबकड्या पाठवत होता.

मी ओंडका उचलला. मोठा, न फोडलेला, मेपलचा. घरातून वजनकाटा आणून मोजला तर साडेअकरा किलो भरला. तसे तीस. पाचव्याला माझा श्वास लागला, आणि माझं हृदय ठणठणीत आहे असं मागच्याच वर्षी डॉक्टरांनी लिहून दिलंय. तिसऱ्या दिवशी, भट्टी जरा थंडावू देऊन, मी धुराडं साफ करायला घेतलं. डांबरी काजळी गेल्या पाच हिवाळ्यांत दरवर्षी निघायची त्याच्या निम्मीही नव्हती. थोडं थोडं लाकूड घातलं की ते भडभडून जळतं, धुमसत नाही. हे मला कारखान्यात माहीत असतं. रात्रीच्या आकड्यापुरतं माझं बरोबर होतं. बाकी दिवसभर तो त्याच्या पद्धतीनं माझ्यापेक्षा चांगला बॉयलर चालवत होता, आणि मी त्याला आळशी म्हटलं.

वहिनींनी घर ठेवायचं ठरवलंय. उन्हाळ्यात विजेवरची यंत्रणा बसेल, बॉयलर शेजारचे गृहस्थ त्यांच्या वर्कशॉपसाठी नेतील. तोवर तेच लाकूड घालतील. मी त्यांना सगळे आकडे लिहून देऊ लागलो तर ते म्हणाले, त्याची गरज नाही, मिलिंदनं त्यांना सगळं दाखवून ठेवलंय.

निघायच्या दिवशी सकाळी उणे नऊ होतं. मी फोडलेले लहान ओंडके घेतले, दोन आत टाकले आणि खुर्चीवर बसलो. तिथून तबकड्या दिसत नाहीत, त्या पाठीमागे राहतात. समोर घर दिसतं, स्वयंपाकघराची खिडकी आणि आत लागलेला दिवा. वहिनी ओट्यापाशी चहा करत होत्या. त्यांनी वर पाहिलं, खुर्चीत कोणीतरी बसलेलं दिसलं आणि हात वर केला. सवयीनं केला असावा, कारण तो तसाच अर्धवट राहिला आणि त्या खिडकीतून बाजूला झाल्या. मी थोडा वेळ बसून राहिलो. मग उठून पुढचे दोन टाकले, आणि पुन्हा बसलो.