गौरीच्या वाढदिवसाचं बोलावणं

नागोराव दिग्रसच्या जिनात रुईच्या गाठी बांधायचा. कापसाचे दिवस फिरले. जिन आधी निम्म्यावर आलं, मग फाटकाला कुलूपच लागलं. तेव्हा तो मोहल्ल्यातल्या दोघांसोबत सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला गेला. घरी राहिली बायको पंचफुला, तिसरीतली रुपाली आणि कडेवरचा संघदीप. पंचफुला शाळेत खिचडी शिजवायची.

या घराला सुट्टी म्हणजे एकच ठाऊक. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं. २००६चा दसरा तर धम्मदीक्षेचा पन्नासावा. पण त्या पावसाळ्यात सुरतेला पूर आला होता, लूम नुकतेच पुन्हा सुरू झाले होते. मालकानं नागोरावला सुट्टी दिली ती जेमतेम नागपूर गाठून परत फिरण्यापुरती. किराणा दुकानातल्या फोनवर तो म्हणाला, "दिग्रसले येनं होत नाई वं. पोट्ट्यायले घेऊन तूच नागपूरच्या टेसनवर ये."

पंचफुलानं संघदीपला नवा सदरा घेतला. रुपालीचा फ्रॉक उसवून लांब केला. आणि त्याच आठवड्यात रुपाली शाळेतून धावत आली. हातात फुगे चिकटवलेला कागद. वर्गातल्या गौरीचा वाढदिवस, दसऱ्याला, संध्याकाळी.

गौरीचे वडील वामनराव कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या गल्लीतल्या घरी पंचफुला कधी गेली नव्हती, आणि रुपालीला आजवर कुणी वाढदिवसाला बोलावलंच नव्हतं.

"त्या दिवशी आपल्याले नागपूरले जायचं हाये," पंचफुला म्हणाली.

"मी नाई येत."

"बाबा येऊन राह्यले ना तुह्यासाठी!"

"बाबा पुढच्या साली बी येतीन. गौरी मले पुन्हा नाई बोलावनार." रुपाली रडली, जेवली नाही.

शेजारची कोकिळा म्हणाली, "राहू दे माह्यापाशी. पोट्टीले पयल्यांदा कोनी बोलावलं." पंचफुलाला आत कुठंतरी बरंही वाटलं होतं. आपल्या पोरीला त्या घरात बोलावतात. तिनं रुपालीला कोकिळेकडे ठेवलं आणि संघदीपला घेऊन निघाली.

नागपूरच्या फलाटावर गर्दीत नागोराव टाचा उंचावून उभा होता. त्यानं संघदीपला उचललं आणि पंचफुलाच्या मागे पाहिलं.

"रुपाली कुठं हाये?"

पंचफुलानं सांगितलं. त्यानं संघदीपचा सदरा सारखा केला. मग म्हणाला, "बरं केलं. तिले बोलावलं, हे बी मोठंच हाये."

दिवसभर तो गर्दीतून संघदीपला खांद्यावर घेऊन हिंडला. परतीच्या गाडीत चढायच्या आधी त्यानं हात छातीखाली धरून विचारलं, "एवढी झाली का वं रुपाली?" पंचफुलानं हसून त्याचा हात जरा वर सरकवला. तो आपल्या हाताकडे पाहत राहिला.

इकडे रुपाली लांब केलेला फ्रॉक घालून, रंगपेटी कागदात गुंडाळून गौरीच्या दारी गेली. दाराला कुलूप होतं. पुण्याहून गौरीचे काका आले, त्यामुळे सगळं घर माहूरला गेलं होतं. वाढदिवस दोन दिवस पुढं ढकलला होता. बाकीच्या मुलींच्या घरी तसा फोन गेला. रुपालीकडे फोन नव्हता. अंधारून येईपर्यंत ती पायरीवर बसून होती. शेवटी कोकिळेनं तिला हाताला धरून घरी आणलं.

दोन दिवसांनी गौरीची आई सुहासिनी स्वतः आली. "पंचफुलाबाई, निरोप द्यायचा राहूनच गेला हो. चूक झाली. आज पाठवा ना तिला." रुपाली गेली नाही. रंगपेटी तेवढी दिली.

संक्रांतीच्या सुमारास किराणा दुकानात सुरतेहून फोन आला. लूमवर नागोरावला विजेचा झटका बसला, तो जागीच गेला होता. सोबतच्या लोकांनी त्याला गाडीत घालून आणलं. अंगणात उतरवल्यावर रुपाली पुढं झाली. गेल्या उन्हाळ्यानंतर ती बापाला पहिल्यांदा पाहत होती. सुहासिनी गौरीला घेऊन आली होती. गौरी तिच्याजवळ येऊन बसली, तर रुपाली उठून कोकिळेच्या घरात गेली.

पुढं रुपालीनं कुणाच्या वाढदिवसाला पाऊल टाकलं नाही. बापाचं नाव निघालं की ती उठून जायची. आईशी कामापुरतं बोलायची. दहावीचं वर्ष होतं, पंचफुला चुलीपाशी भाकरी थापत होती आणि सहज म्हणाली, "यंदा दसऱ्याले येशीन का नागपूरले? तुह्या बाबानं त्या दसऱ्याले तुले लय इचारलं होतं."

"काय इचारलं?"

पंचफुलानं सांगितलं. हात कुठं धरला होता, आपण किती वर सरकवला, सगळं.

रुपाली ओरडली, "मी लहान होती, माय! मले काय समजत होतं? तू मले वढत काहून नाई नेलं?"

पंचफुलाच्या हातातली भाकर थांबली. तिला सांगायचं होतं की तू रडत होतीस, की मलाही वाटलं होतं तू त्या घरी जावंस. तव्यावरची भाकर करपली. रुपालीनंच पुढं होऊन ती उलथली, आणि तिथंच चुलीपाशी आईकडे पाठ करून बसली.