लाल नळीचं पाणी

मी यवतमाळच्या एका लहानशा हाडांच्या दवाखान्यात नर्स आहे. बायकांचा वॉर्ड माझ्याकडे. स्वभाव तापट. कुणी काम अडवलं की माझं डोकं फिरतं, आणि मे महिन्यात आमचं सगळंच काम पाण्यावाचून अडतं. नळ आठवड्यातून एकदा, आणि बोअर अर्ध्या तासात दम तोडते. वॉर्डात चार कूलर. ते भरायला आमच्या मावशीला, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीस बाईला, दोन जिने बादल्या वाहाव्या लागत. तिचे गुडघे आमच्याच डॉक्टरांना दाखवायच्या लायकीचे झाले होते.

जिन्याजवळच्या भिंतीवर आग विझवायची लाल चकरी होती, तिच्यावर लांब रबरी नळी गुंडाळलेली. बसवली तेव्हा फिटरने आम्हाला दाखवलं होतं. व्हॉल्व्ह फिरवा, नळी ओढा, तोंडाची तोटी उघडा. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मात्र भलतंच पाहिलं: ती नळी वॉर्डातल्या शेवटच्या खिडकीपर्यंत सहज पोचत होती. दुसऱ्या दिवशी मी चारही कूलर दहा मिनिटांत भरले. मावशी म्हणाली, "सिस्टर, तुमचं डोकं डॉक्टरपेक्षा जास्त चालते." मी तिला दटावलं, पण मनातून खूश झाले.

कमाल अशी की दुपारी बाथरूमचे नळ कोरडे पडले तरी लाल नळीला पाणी येत असे. का येतं, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. उलट खालच्या मजल्यावरच्या सिस्टरलाही मीच सांगितलं की हे पाणी कधी संपत नाही. ते आठवलं की आजही लाज वाटते.

कोपऱ्यातल्या कूलरपाशी घाटंजीकडची एक बाई होती. माझ्याच वयाची, मजुरीला जाणारी. टेम्पोतून उतरताना पडून मांडीचं हाड मोडलेलं आणि साखर वाढल्याने ऑपरेशन लांबलेलं. पायाला वजन टांगलं होतं, कुशीवर वळायचीही सोय नव्हती. ती म्हणायची, "ताई, माह्या कूलरमंदी जरा जास्त टाका. मले तर उठून हवेत बसता येत नाई." मी तिचा कूलर काठोकाठ भरत असे.

त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी कूलर भरायला घेतले. तिच्या कूलरपाशी धार बारीक झाली. वाटलं, नळी कुठे मुडपली असेल. तासाभराने जळका वास आला. तिच्या कूलरच्या मोटरीतून धूर निघत होता. पाणी वर चढवणारा पंप कधीचा बंद पडलेला, त्यामुळे कूलरच्या बाजूच्या ताट्यांमधलं गवत वाळून खडखडीत झालं होतं. मी पोचेपर्यंत ते पेटलं आणि जाळ पडद्याला लागला. पडदा तिच्या उशाशी होता.

चालत्याफिरत्या बायका जिन्याकडे पळाल्या. मावशीला मी मेन स्विच बंद करायला पिटाळलं. खरं सांगते, मी घाबरले नव्हते. मला जरा ऐटच वाटत होती, कारण अख्ख्या दवाखान्यात ती नळी माझ्याइतकी कुणालाच वापरता येत नव्हती. व्हॉल्व्ह फिरवला, नळी ओढली, तोटी उघडली. आधी हवा फुसफुसली. मग ओंजळभर तांबूस पाणी माझ्या चपलांवर पडलं. मग काहीच नाही.

मी नळी झटकली. तोटी बंद करून पुन्हा उघडली.

"ताई, पाणी काहून येत नाई?" तिने विचारलं. आवाज मोठा नव्हता. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ, ते मला अजून सांगता येत नाही.

मावशी परत आली ती थेट शेजारच्या कूलरकडे. "पाणी सारं कूलरमंदी हाये, सिस्टर," म्हणत तिने ताटी ओढून काढली आणि मगाने पाणी उपसून जाळावर फेकू लागली. तेव्हा मी भानावर आले. दोघींनी मिळून तिन्ही कूलर उपसले, भिजवलेल्या चादरीने पडदा खाली ओढला. पलंगाची चाकं गंजलेली, तो जागचा हलेना. आग विझली, पण पडद्याचा पेटता तुकडा तिच्यावर पडला होता. तोंड वाचवायला तिने हात आडवा धरला, आणि मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले.

दुसऱ्या दिवशी फिटर मला गच्चीवर घेऊन गेला. टाकीचं झाकण सरकवून त्याने आत टॉर्च मारला. टाकीतून दोन पाइप निघत होते, एक अर्ध्या उंचीवरून आणि एक अगदी तळाशी.

"वरचा नळाचा," तो म्हणाला. "पाणी त्याच्या खाली गेलं का नळ बंद. मंग जे उरते ते आगीसाठी. त्याले हात लावाचा नाई."

तळाला नुसता गाळ होता. न संपणारं म्हणून मी मिरवलेलं पाणी तिच्यासारख्यांसाठीच राखून ठेवलेलं होतं, आणि ते मीच रोज संपवत होते.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खूप बोलले, तरी मला ते कमीच वाटलं. तिला मात्र सांगवेना. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "या ताईनं वाचवलं मले." चौथ्या दिवशी तिच्या हाताचं ड्रेसिंग करताना मला ते सहन झालं नाही. टाकी, दोन पाइप, कूलर, सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलेही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग आता टाकीत पाणी हाये का?"

चार दिवस मी धड जेवले नव्हते. स्वतःला शिव्या घातल्या होत्या, माफीची वाक्यं जुळवली होती. तिच्या पलंगापाशी नवा कूलर आला होता आणि तो सुरूही झाला होता. पण गच्चीवर जाऊन मी एकदाही टाकीत डोकावले नव्हते.

"पाहिलं नाही," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातली पट्टीची गुंडाळी काढून घेतली आणि आपल्या पोटावर ठेवली.

"जा, पाहून या," ती म्हणाली. "मी काई कुठी जात नाई."