केवळाबाईला मेंढरं ओळखू येईनात

केवळाबाईनं आपली मेंढरं कधी मोजली नाहीत. बोरीच्या शिवारात साठ-पासष्ट मेंढरं तिनं वळली. सांजच्याला मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाडग्यात शिरताना नुसती नजर टाकली की कोणतं मागं राहिलं ते तिला कळायचं. मग तिचा नवरा येडबा ते आणायला मुकाट्यानं माघारी फिरायचा.

संक्रांतीच्या आधी बाभळीचा पाला तोडताना ती फांदीवरून पडली. डोकं दगडावर आपटलं, पण रक्त आलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या थांबेनात, तेव्हा लेकानं, शिवशंकरनं, तिला परभणीला नेलं. डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. "मेंदूला हादरा बसलाय. आराम पाहिजे, वेळ लागेल," डॉक्टर म्हणाले. घरच्यांच्या ध्यानात 'काही निघालं नाही' एवढंच राहिलं.

तीन महिने झाले तरी ऊन डोळ्यांत टोचायचं, वाकलं की भोवळ यायची. तव्यावर भाकरी टाकून ती विसरून जायची. मेंढरं ओरडायला लागली की कपाळात घण बसायचे.

"जखम तर कुटं दिसंना," शेजारची दगडाबाई म्हणाली. "लोक म्हणायलेत, सोंग हाय." सून दिपाली तिथंच होती. ती खाली मान घालून भांडी घासत राहिली.

चैत्रातल्या एका सांजेला केवळाबाई हट्टानं वाडग्याच्या तोंडाशी उभी राहिली. मेंढरं आत शिरली. सगळी एकसारखीच दिसली. तिनं बोटांवर मोजून पाहिलं, विसाच्या पुढं चुकली.

"समदी आली का?" येडबानं विचारलं.

"आली."

सकाळी ओढ्याकाठी गाभण मेंढी कुत्र्यांनी फाडलेली सापडली. येडबा रागावला नाही, त्यानं तिला जास्तच लागलं.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला वळखूच येइनात आता."

"मला वाटलं, तू बरी व्हायलीस."

"मला बी रोज सकाळी तसंच वाटतंय."

मेंढरं झरी गावच्या दिराकडं द्यायची, हे तिनंच ठरवलं. मेंढरं निघाली त्या दिवशी दिपालीनं ऊन लागू नये म्हणून केवळाबाईच्या डोळ्यांवर पदर ओढून तिला दंडाला धरून उभं केलं. मेंढरांचा ओरडा रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता. तोवर केवळाबाई हलली नाही. मग भिंतीला धरून खाली बसली.

आता येडबा दुसऱ्याच्या रानात कामाला जातो. केवळाबाईचं डोकं जरा कमी दुखतं. ऊन चढायच्या आत ती विहिरीपर्यंत चालून येते, आणि मग दार लोटून अंधारात पडून राहते.