थोरल्या जावेचे हातमोजे

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. थोरल्या जावेचं तसं नाही. ती तापत नाही, ती उसवते. मनासारखं उतरलं नाही की सुईवरून टाके काढायचे, धागा ओढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो, तिला मात्र काही नाही.

लोकरीचं विणणाऱ्या बायका पैशाला पासरी. पण आपल्या डोक्यातून नमुना काढायचा आणि तो दुसरीला विणता येईल असा कागदावर उतरवायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तिच्याकडे चौकटीची वही आहे, एक चौकट म्हणजे एक टाका. हॉस्पिटलच्या जिन्यातली फरशी बघून तिनं उशीचा अभ्रा काढला. चिखलात उठलेला सायकलच्या टायरचा ठसा बघून मफलर काढला. आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो आणि ही बाई रस्त्यात मध्येच उकिडवी बसून टायरच्या रेघा मोजत होती. मी पिशव्या धरून उभी. लोक बघतायत. लाज म्हणून नाही!

मला विणता येत नाही, आणि म्हणूनच तिला मी हवी असायचे. नवा नमुना लिहून झाला की कागद, सुया आणि लोकर माझ्या पुढ्यात टाकायची आणि समोर खुर्ची ओढून बसायची. नियम एकच, मी काही विचारायचं नाही आणि तिनं काही सांगायचं नाही.

"तू अडलीस तर कागद चुकला, तू नाही," म्हणायची.

आता मी गप्प बसणारी आहे का? "अहो वहिनी, इथं 'चार टाके सोडा' लिहिलंय. कुठं सोडू, गच्चीवर?" ती हसायची नाही. खोडरबर काढून ती ओळ नव्यानं लिहायची. उशीचे अभ्रे, किटलीच्या टोप्या, गरम पाण्याच्या पिशवीची कव्हरं, सगळं आधी माझ्या अडाणी हातांतून गेलंय.

जाऊबाई डावरी. शाळेत बाईंनी पट्टीनं मारून पाहिलं, आईनं डावा हात रुमालानं बांधून पाहिला. हिनं दातांनी गाठ सोडली आणि डाव्यानंच अभ्यास पुरा केला. विणतेही डाव्यानंच. आपल्यासारख्यांची ओळ उजवीकडून डावीकडे सरकते, तिची डावीकडून उजवीकडे. त्यामुळे तिनं लिहिलेलं मी शब्दाला शब्द विणलं की आरशात दिसावं तसं उलट उतरतं. मफलर उलट उतरला तर कुणाच्या बापाचं काय जातंय? पण हातमोजे निघाले तेव्हा माझी फजिती झाली. कागदावर 'डावा' लिहिलेला मी इमानदारीत विणला, तर तो निघाला उजव्या हाताचा. दोघी पोट धरधरून हसलो.

"आता जगासाठी सुलट करून लिहा," मी म्हटलं.

"जन्मभर जगाचं उलट करून मी वाचतेय. एकदा त्यांनी वाचावं," ती म्हणाली, आणि वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून टाकलं: 'मी डावरी आहे. उजव्या हातानं विणणाऱ्यांनी डावा लिहिलंय तिथे उजवा समजावं, आणि उजवा लिहिलंय तिथे डावा.'

त्या हातमोज्यांवर तिनं तीन हिवाळे घालवले. आमचे थोरले दीर दादा, म्हणजे तिचा नवरा, बस चालवतात. त्यांचं म्हणणं, गिअर टाकताना कुठलाही हातमोजा अंगठ्यात ओढतो. तिनं सात अंगठे विणले आणि सातही उसवले. आठव्या वेळी अंगठा मध्येच न फोडता थेट मनगटापासून थोडाथोडा वाढवत नेला. दादांनी आठवडाभर घातला आणि काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे जमलं.

दर शनिवारी लोकरीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचा क्लास चालायचा. घरातून तिच्या एकटीच्या कामासाठी बाहेर पडायचा तो एकच दिवस, सोमवारपासून तिचं लक्ष शनिवारकडे. दुकानदारानं गोड बोलून वही मागितली. "गिऱ्हाइकांना दाखवतो हो ताई, पंधरा दिवसांत देतो." वही दोन महिन्यांनी परत आली, आणि मागोमाग दुकानात गुळगुळीत कागदाची पुस्तिका. बारा नमुने. बाराच्या बारा हिचे. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'डिझाइन' म्हणून नाव कुणाचं? दुकानदाराच्या सूनबाईंचं! त्या पोरीला मी त्या दुकानात बिलं फाडण्यापलीकडे काही करताना पाहिलेलं नव्हतं.

मी तर चपला घालून निघालेच होते. जाऊबाईंनी दंड धरला. "माझं आहे, मी जाते." मी मागे गेलेच, ते सोडा.

दुकानदारानं हात झटकले. "अहो ताई, विणकामाला कुठं मालक असतो का? टाके दोनच, सुलट नि उलट. सगळ्यांचेच की ते."

"अक्षरंही सगळ्यांचीच आहेत," ती म्हणाली. "म्हणून मी लिहिलेलं पत्र तुमच्या सहीनं चालेल? मला प्रत्येक पानावर माझं नाव हवंय."

"क्लास चालू ठेवायचाय ना?" तो हसत म्हणाला. त्या हसण्यावर माझा हात शिवशिवला होता.

घरी दादा म्हणाले, "कशाला त्याच्या वाकड्यात शिरतेस? नावाचं काय घेऊन बसलीस?"

तिनं ताट वाढता वाढता विचारलं, "तुमची बस उद्या दुसऱ्यानं पळवली आणि म्हणाला, ही तीस वर्षं मीच चालवतोय, तर?"

पुढच्या रविवारी दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. पुस्तिका घेतलेल्यांनी आपापलं विणकाम घेऊन यायचं आणि सूनबाई मार्गदर्शन करणार, असा बोर्ड लागला होता. चाळीसेक बायका जमल्या. थंडीचे दिवस, त्यामुळे बहुतेकींनी हातमोजेच आणले होते. दुकानदाराचं भाषण संपायच्या आत जाऊबाई उभी राहिली. हातात वही.

"पुस्तिकेतला डावा हातमोजा कुणी कुणी विणलाय?"

अकरा हात वर झाले.

"घाला बघू डाव्या हातात."

आणि एकच कल्ला! आमच्या शेजारच्या नर्सबाई ओरडल्याच, "अहो, हा बसतच नाही! अंगठा जागेवर येतो तर पाठीवरची वेणीची नक्षी तळव्यावर जाते. मी दोनदा उसवला. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं!"

"माझाही तसाच!"

"मी तर उजवा म्हणून वापरतेय गुपचूप!"

"छपाईची चूक असेल," दुकानदार म्हणाला. "सूनबाई सांगतील." सूनबाईंची मान पुस्तिकेत गेली ती वर येईना.

जाऊबाईंनी सुया काढल्या आणि सगळ्यांसमोर डाव्या हातानं ओळ विणून दाखवली. मग वहीचं पहिलं पान खड्या आवाजात वाचलं. "चोरी यांनी दुसऱ्या पानापासून केली," ती म्हणाली. "पहिलं वाचलं असतं तर सापडले नसते."

मी टाळी वाजवायला उठले, तर तिनं असे डोळे वटारले की मुकाट्यानं खाली बसले.

दुकानदार तिच्याजवळ गेला. आवाज अगदी लोण्यासारखा. "ताई, जाऊ द्या. तेवढी चूक दुरुस्त करून द्या, पुढच्या वेळी शेवटच्या पानावर तुमचे आभार छापू."

"आभार नकोत. नाव."

"मग उद्यापासून मागची खोली बंद."

म्हणजे तिचा शनिवार गेला. तिनं एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

"बंद तर बंद," ती म्हणाली, आणि हॉलकडे वळली. "पेन्सिली काढा. बाराही नमुने उजव्या हातासाठी आत्ता इथं सांगते. पण आधी प्रत्येक पानावर, वर, माझं नाव लिहा."

आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं. मोठ्यानं. सावकाश. पंचवीस वर्षं आम्ही घरात तिला वहिनी, काकू, अगं, अहो म्हणत आलो. चाळीस जणी ते नाव लिहून घेत होत्या आणि ती खुर्च्यांमधून फिरत, वाकून, प्रत्येकीनं लिहिलंय की नाही ते तपासत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

"सूनबाई, खाली जा," दुकानदार दातओठ खात म्हणाला.

सूनबाई जागची हलली नाही. फिरत फिरत जाऊबाई तिच्या टेबलापाशी आली, तेव्हा ती पोर हळूच म्हणाली, "माझ्याकडे पेन्सिल नाही."

जाऊबाईंनी आपली दिली. सूनबाईंनी पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं, आपल्या नावावर आडवी रेघ ओढली आणि मान वर करून म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा."